श्रावणातली कंबर

आमच्या ह्यांची कंबर वर्षातून एकदाच कमी व्हायची, श्रावणात. आषाढात बेचाळीस इंच असायची, ती पोळ्यापर्यंत साडेचाळीसवर यायची आणि दिवाळीला पुन्हा बेचाळीस. मी शिवणकाम करते. पारनेरच्या कितीतरी बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, तेव्हा घरच्या माणसाचं माप मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ह्यांच्या पँटी मीच शिवते. कमरेला आत दोन इंच जास्तीचं कापड ठेवते. वाढले की उसवायचं, उतरले की धरायचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली वीस तरी हेच चाललंय.

ह्यांचं बाजारात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी येतात, त्यांच्यात नवी तांब्याची तार भरून द्यायची. काम बारीक, बोटं बारीक, आणि लग्नात माणूसही बारीकच होता. पोट नंतरचं. संध्याकाळी सातला दुकानाचं शटर पडलं की हे तिथूनच ढाब्यावर जायचे. सोबतीला तिघे ठरलेले. दोन पेग, कधी तीन, बरोबर खारे शेंगदाणे, शेव, उकडलेली अंडी. मग घर.

आता खरं सांगायचं तर तक्रार करावी असं काहीच नव्हतं. कधी पिऊन पडले नाहीत, कधी हात उगारला नाही, कुणाचा वाईट शब्द ऐकून घरी आले नाहीत. यायचे, झाकून ठेवलेलं जेवायचे आणि आडवे व्हायचे. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "तुझं काय वाईट चाललंय गं? आमचा असा गुपचूप झोपला असता तर म्या पेढं वाटलं असतं." माझं काय वाईट चाललंय ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. माणूस घरातच होता आणि मला त्याची आठवण यायची. ही काय तक्रार झाली? कुणापुढे मांडायची?

श्रावण लागला की मात्र हा माणूस घरी यायचा. सात वाजून दहा मिनिटांनी हात-पाय धुवून मशीनशेजारच्या खुर्चीत हजर. आणि न सांगता ब्लाउजचे हुक लावायला घ्यायचे. तारेवर चालणारी बोटं ती. एका ओळीत, एका ताणात असे हुक लावायचे की गिऱ्हाईक बायका विचारायच्या, "श्रावणापुरती कुणी बाई ठेवती का गं तू कामाला?" मी हो म्हणायचे. हुक लावता लावता बोलणं चालायचं. कुठल्या गावचा कोण मोटार घेऊन आला, पाणी नसताना चालू ठेवून स्वतःच जाळली आणि "लाईट कमी-जास्त झाली" म्हणून कसा शपथा घेतो. त्या माणसाची नक्कल करायचे. मी हसायचे आणि टीप वाकडी जायची. मग दोघं मिळून जेवायचो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून तर एकटीनं जेवायचा मला इतका कंटाळा की भाकरीसुद्धा मी उभ्यानंच खायचे. श्रावणात ताट मांडून जेवायचे.

दर वर्षी त्या महिन्यात माझं नव्यानं लग्न झाल्यासारखं व्हायचं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, संध्याकाळी साडी बदलायचे. हसायचं त्यानं हसावं.

आणि ह्यांचं पोट उतरायचं. हे दोन्ही मी उपासांच्या नावावर जमा केलं. श्रावणी सोमवार धरायचे, शनिवार धरायचे. उपासानं अंग हलकं होतं, मन शांत होतं, असं सगळेच म्हणतात. मीही म्हटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मग मी ठरवलं की श्रावणातच का? वर्षभर उपास धरू. सोमवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादशा. ह्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मला केवढं कौतुक वाटलं. सकाळी डब्यात भगर, साबुदाणा, उपासाची बटाट्याची भाजी. आणि संध्याकाळी ढाबा.

"अहो, उपासाच्या दिवशीसुद्धा?" मी एकदा विचारलं.

"मंग? शेंगदानं उपासाचंच हायेत की. आन् ही काय धान्याची हाय व्हय? उसाची हाय. आपल्या जिल्ह्याचं पीक."

ह्यांना उत्तर कधी कमी पडलं नाही. त्या वर्षी वर्षभर उपास झाले आणि कंबर त्रेचाळीसवर गेली. माझी मती गुंग झाली. श्रावणातले चार सोमवार पोट उतरवतात आणि बाकीचे सोमवार वाढवतात, हे कुठलं शास्त्र? माझ्याच साबुदाण्यात तूप जास्त पडतंय असं वाटून मी तूप बंद केलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानात एक जड मोटार उचलताना ह्यांच्या बेंबीपाशी फुगवटा आला. हर्निया. नगरला सर्जन डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करू, पण पोटावर एवढी चरबी असताना टाके धरायचे नाहीत, आधी दहा किलो कमी करा. सोनोग्राफीत लिव्हरलाही चरबी निघाली. त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाई कसल्या, आमच्या लेकीपेक्षाही लहान. पण प्रश्न असे विचारत होती की मोजणीची साखळी टाकावी.

"वजन कधी कमी होतं का तुमचं?"

"श्रावणात व्हतं," हे म्हणाले.

"श्रावणात वेगळं काय खाता?"

"उपास असत्यात."

"उपास तर आता वर्षभर करता म्हणालात."

ह्यांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं.

"मग श्रावणात काय नसतं, काका?"

पंखा चांगला होता, बघण्यासारखा. हे बघत राहिले आणि मी ह्यांच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं मी त्या कमरेला टेप लावत होते आणि एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

मग तिनं समजावून सांगितलं. दारू शरीराला साठवून ठेवता येत नाही. ती पोटात गेली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तिचा निकाल लावत बसतं, आणि तेवढा वेळ अंगातली चरबी जळायची थांबते. मला लगेच कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा ब्लाउज आला की मीही बाकी सगळी कापडं तशीच गठ्ठ्यात ठेवते. रोजच नवरी आली तर गठ्ठा हलणार कधी? शिवाय दारूत कॅलरी भरपूर, त्यावर शेंगदाणे आणि शेव. पिताना भूकही जास्त लागते आणि हात थांबत नाही. झोप लागल्यासारखी वाटते पण धड लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंग तेलकट-गोड मागतं. "उपास करा नाहीतर करू नका," ती म्हणाली, "आधी ते बंद करा."

परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, पटलं. सुप्याच्या आसपास म्हणाले, "मंग भाकरी सोडतो म्या. तेवढीच तिला जागा व्हईल पोटात."

आणि सोडली. सकाळी एक भाकरी, संध्याकाळी काही नाही, नुसती ती. तीन महिने. गाल बसले, दंड बारीक झाले, शर्टाच्या बाह्या लोंबायला लागल्या आणि पोट होतं तिथंच. काट्यावर दोन-अडीच किलो कमी भरले तर ती नगरची मुलगी खूश होण्याऐवजी वैतागली. म्हणाली, हे हातापायांचं मांस गेलंय, काका, नको ते गेलं. हे माझ्यावरच भडकले. "उपाशी बी मरायचं आन् पोट बी न्हाई उतरायचं! ह्यो कुठला न्याय?" न्याय मी कुठून आणू? मी कपाटातून दुसरा शर्ट काढला आणि बाह्या आत घेतल्या.

त्याच वर्षी अधिक श्रावण आला. एका श्रावणाच्या जागी दोन.

पिणाऱ्या मंडळींत ह्या गोष्टीची केवढी चर्चा झाली असेल ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. अधिक पाळायचा की निज पाळायचा? ढाब्यावर एकमत झालं की निज श्रावण तोच खरा, अधिक नुसता हिशेब जुळवायला घातलेला. पंचांगातलं एक अक्षर न कळणारी माणसं त्या आठवड्यात शास्त्री झाली होती. मी आपली दोन श्रावणांकडे डोळे लावून बसले होते. दोन महिने. साठ संध्याकाळी. हावरटपणा म्हणा.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाच्या मानाचा. पाथर्डीहून माझ्या भावानं आम्हाला धोंडे जेवायला बोलावलं. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार. ह्यांना पाटावर बसवलं, भावजयीनं ओवाळलं, भावानं कपडे दिले. सगळं झाल्यावर ह्यांनी हळूच भावाला विचारलं, संध्याकाळी काही सोय हाय का. मी आतून ऐकत होते. भाऊ हात जोडून म्हणाला, "दाजी, ह्या महिन्यात तुमी आमचे देव. आत्ता पाय धुतले तुमचे. देवच जर सोय विचारायला लागले, तर आमी कुणाकडं बघावं?"

भाऊ चेष्टेनं बोलला की मनापासून, मला आजही माहीत नाही. पण समोर ओवाळणीचं ताट, अंगावर नवा कपडा, दारात त्याची लेकरं. "ऱ्हायलं," हे म्हणाले. "दोन्ही बी पाळतो."

पाळले. दोन महिने हुक लावले, नकला केल्या, माझ्या शेजारी बसून जेवले. निज श्रावणाच्या शेवटाला मी टेप लावली तर चाळीस. भाकरी पूर्ण खात होते. त्या मुलीनं काट्यावर उभं केलं आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, आणखी चार किलो.

पोळा झाला आणि मी कॅलेंडरपाशी फेऱ्या मारायला लागले. पोळ्यानंतर ये रे माझ्या मागल्या, हे ठरलेलंच. मी म्हटलं, "अहो, चार दिवसांवर गणपती आले. आता कुठं मोडता?" हे म्हणाले, बरं. गणपती गेले तर म्हटलं, "पितृपंधरवडा आहे. मामंजींची तिथ यायचीय." बरं. मग घट बसले. मग दसरा. कोजागिरीला म्हटलं, आज दूध प्यायचं असतं. दिवाळीला म्हटलं, पाहुणे. कार्तिकात तुळशीचं लग्न. मी सणांना सण जोडत चालले होते, उरलेल्या तुकड्यांची गोधडी जोडावी तशी. हे काही खुळे नव्हते. मी कॅलेंडरपाशी गेले की मिश्यांत हसायचे, "आता कोन येतंय?" विचारायचे. पण थांबायचे.

कार्तिकातच ऑपरेशन झालं. टाके व्यवस्थित धरले. कंबर साडेअडतीस. मार्गशीर्षातले गुरुवार निघाले, चंपाषष्ठी निघाली. महिन्याभरानं दाखवायला गेलो तेव्हा ह्यांनी सर्जन डॉक्टरांना विचारलंच, थोडी घेतली तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, लिव्हर बरंच सुधारलंय, पण न घेतलेली बरी. ह्यांनी पहिलं अर्धं ऐकलं.

मग पौष लागला. पौष म्हणजे भाकड महिना. मी कॅलेंडरचं पान उलटलं आणि बघतच राहिले. संक्रांत होती, पण संक्रांतीला घेऊ नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय? जत्रा होती, पण जत्रेचं नाव काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. जत्रेला पाहुणे येतात आणि पाहुण्यांबरोबर बाटली येते. ऑपरेशन झालेलं. डॉक्टरचं कारण संपलं, देवाचं कारण संपलं. माझ्याजवळ माझं स्वतःचं तेवढं उरलं होतं.

एका संध्याकाळी हे दुकानातून घरी आले, हात-पाय धुतले, चहा घेतला आणि खुर्चीत बसलेच नाहीत. नवी पँट घातली, मीच शिवलेली, छान बसत होती. "जरा जाऊन येतो," म्हणाले. "लई दिस झालं. मंडळी वाट बघत्यात."

दारात उभे राहिले. चप्पल घातली. गेले नाहीत लगेच. माझ्या मांडीवर कुणाचातरी अस्तराचा ब्लाउज होता. मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मला संध्याकाळी तुम्ही हवे असता. पोटाचं मरू दे, बेचाळीस होऊ दे, पन्नास होऊ दे, तुम्ही इथं बसा. हे सगळं माझ्या घशापर्यंत आलं होतं, देवाशपथ. आणि मी म्हणाले, "पोट वाढेल परत."

"वाढू दे थोडं," हे म्हणाले. आणि गेले.

त्या वर्षाचा उन्हाळा आला आणि गेला. मी आतलं कापड पुन्हा उसवलं. चाळीस, मग एक्केचाळीस. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पुरुषाचं हे असंच असतं. आणि पुढचा श्रावण आला, एकच, नेहमीसारखा. हे पुन्हा खुर्चीत येऊन बसले. चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी, मान वर न करता, हुक लावता लावता म्हणाले, "पौषात त्या दिशी म्या दारात हुबा हुतो. आठवतं?"

मी म्हटलं, हो.

"थांबा म्हनली असतीस तर थांबलो असतो. तू म्हनलीस, पोट वाढंल."

मशीन थांबलं. मला रडू आलं, आणि खोटं का बोलू, रागही आला. "मग तुम्हाला कळत नव्हतं?" मी म्हणाले. "सव्वीस वर्षं? दर श्रावणात मी कशी असते ते दिसत नव्हतं?"

"मला काय कळावं? तू जवा बघावं तवा टेप घिऊन मागं. मला वाटायचं, हिला माझ्या पोटाची लाज वाटती. बारीक झालो की बरा लागतो, न्हाईतर न्हाई." मग पुढचा हुक हातात घेऊन, "ढाब्यावर कुनी माप घेत न्हाई."

ज्या माणसासाठी मी वर्षभर झुरत होते, त्याला वाटत होतं की मी त्याला दोन इंच कमी मागते आहे.

तो श्रावण संपला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे तयार होऊन दाराकडे निघाले तेव्हा मी ब्लाउज खाली ठेवला आणि म्हणाले, "थांबा." कारण दिलं नाही. कॅलेंडरकडे पाहिलं नाही. हे वळले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज थांबतो." आजचंच बोलले. पुढचं वचन दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

तेव्हापासून मी रोज म्हणते. लोकांना वाटेल एक शब्द तो काय. पण रोज म्हणायचा म्हणजे निर्जळी उपासापेक्षा अवघड. कधी राग आलेला असतो, कधी अभिमान आडवा येतो, कधी वाटतं की आज न म्हणताच थांबले तर किती बरं होईल. महिन्यातले पंधरा-वीस दिवस थांबतात. बाकीचे दिवस जातात. "आज न्हाई ऱ्हावत गं," म्हणतात आणि मान खाली घालून जातात. पूर्वी काही न सांगता जायचे, त्यापेक्षा हे जाणं मनाला जास्त लागतं, कारण आता मी मागितलेलं असतं. कंबर किती आहे ते मला ठाऊक नाही. पँट सैल झाली की घट्ट झाली ते तेच सांगतात आणि मी अंदाजानं टीप मारते.

परवा थांबले होते. काल मी म्हणाले आणि काल ते गेले. सात वाजत आलेत, आता दुकान बंद करत असतील. आज पुन्हा म्हणायचंय.